इमारतीचा डिटेक्टर, घराचा अलार्म : ठाणे-नवी मुंबईतील एका गोंधळाची पार्श्वभूमी

ठाण्यात घोडबंदर रस्त्यालगतच्या किंवा नवी मुंबईत खारघर, सीवूड्स, ऐरोलीच्या एखाद्या उंच इमारतीतील कुटुंबाला 'तुमच्या घरात धुराचा अलार्म आहे का' असे विचारले, तर बहुतेक वेळा उत्तर मिळते की बिल्डरने सेन्सर बसवून दिलेला आहे. मान वर करून पाहिले तर छताला उपड्या वाटीएवढी पांढरी वस्तू दिसतेही, आणि तिच्यावरचा बारीक लाल दिवा अधूनमधून लुकलुकत असतो. तो डिटेक्टर असतो. धूर टिपला की तो वायरीवाटे खाली लॉबीतल्या किंवा वॉचमनच्या केबिनमधल्या पॅनलला, म्हणजे सगळ्या डिटेक्टरांच्या सूचना जिथे येतात त्या पेटीला, कळवतो, आणि पहिला आवाज होतो तो त्या पॅनलचा. मजल्यावरचा हूटर त्यानंतर वाजतो, तोही पॅनल नीट चालू असेल आणि हूटर कुणी बंद करून ठेवलेला नसेल तर. मधल्या काळात बेडरूमचे दार लावून, एसी सुरू ठेवून झोपलेल्या माणसापर्यंत काय पोहोचते, हा प्रश्न आपल्याकडे फारसा विचारलाच गेला नाही. तो का विचारला गेला नाही, हे समजायचे तर थोडे मागे जावे लागते.

धूर ओळखणारे उपकरण मुळात घरासाठी जन्मलेले नव्हते. 1930 च्या दशकाच्या अखेरीस स्वित्झर्लंडमधील एक भौतिकशास्त्रज्ञ विषारी वायूचा माग काढणारे यंत्र बनवू पाहत होता. वायूने काटा हलला नाही, पण त्याने पेटवलेल्या सिगारेटच्या धुराने हलला, अशी त्याची हकीकत सांगितली जाते. त्या तत्त्वावरचे शोधक, म्हणजे डिटेक्टर, पुढे कारखान्यांत आणि मोठ्या इमारतींत गेले. घरात परवडेल असे, बॅटरीवर चालणारे आणि स्वतःच वाजणारे उपकरण अमेरिकेत आले ते 1960 च्या दशकाच्या उत्तरार्धात. 1970 च्या दशकाच्या मध्याला तिथल्या इंडियाना राज्यात, पाडायच्या म्हणून रिकाम्या केलेल्या खऱ्या घरांत मुद्दाम आगी लावून चाचण्या घेण्यात आल्या. घरात धुराचा शोधक हवा की उष्णतेचा, या वादाचा बराचसा निकाल त्या चाचण्यांनी लावला, कारण उष्णतेचे शोधक उशिरा जागे होत होते आणि तोवर सुटकेची वाट धुराने भरत होती. प्रत्येक मजल्यावर निदान एक धुराचा अलार्म असावा, हा नियम तिथून रुळला. पुढे 2000 नंतर अशाच चाचण्या पुन्हा झाल्या, तेव्हा ज्वालेच्या आगीत बाहेर पडायला मिळणारा वेळ पूर्वीच्या सुमारे 17 मिनिटांवरून सुमारे 3 मिनिटांवर आल्याचे आढळले. सोफ्यातला फोम, कृत्रिम धाग्यांचे पडदे आणि गाद्या हे त्याचे मुख्य कारण, आणि या वस्तू आज आपल्याही घराघरांत आहेत.

आपल्याकडे हे तंत्र कारखान्याच्या फाटकातून आत आले. ठाणे-बेलापूर रस्त्यालगतचा औद्योगिक पट्टा 1960 च्या दशकात आकाराला आला आणि रसायनांच्या, रंगांच्या, औषधांच्या कारखान्यांबरोबर पॅनल, शोधकांना पॅनलशी जोडणारी वायर म्हणजे लूप, हूटर आणि काच फोडून दाबायचे लाल बटण ही सगळी भाषा इथल्या तंत्रज्ञांच्या हाती बसली. भारतीय मानकांची नावेच वाचली तरी दृष्टी कळते. धुराच्या शोधकांचे 1985 चे मानक आयएस 11360 हे 'स्वयंचलित विद्युत अग्निसूचना यंत्रणेत वापरायच्या' शोधकांसाठी आहे. उष्णतेच्या शोधकांचे आयएस 2175 हेही यंत्रणेतल्या शोधकांबद्दलच बोलते. आणि निवड, उभारणी व देखभाल सांगणारे आयएस 2189, ज्याचा काम करणारे सगळेच लोक हवाला देतात, ते तर संपूर्ण यंत्रणेचीच संहिता आहे. शोधक म्हणजे कुठल्या तरी पॅनलचा एक अवयव, हे त्यात गृहीतच आहे. एकट्याने टिपणारा आणि एकट्यानेच ओरडणारा घरगुती अलार्म या चौकटीत नीट बसत नाही.

त्या काळी घरांना त्याची निकडही भासत नव्हती. नौपाड्यातल्या जुन्या इमारती असोत की वाशी-नेरूळच्या सुरुवातीच्या सेक्टरांतल्या बिनलिफ्टच्या चार मजली वसाहती, खिडक्या उघड्या असत, दारे दिवसभर सताड असत, आणि शेजारच्या घरात काही करपले तरी मजल्याला वास जाई. ही परिस्थिती हळूहळू बदलली. बाल्कन्या हॉलमध्ये घेतल्या गेल्या, खिडक्यांना बॉक्स ग्रिल बसल्या, सरकत्या काचा आल्या, एसी आले. ग्रिलमुळे बाहेर पडायची दुसरी वाट गेली आणि बंद काचांमुळे शेजाऱ्याचे नाक निरुपयोगी झाले. माझ्या मते घरात लवकर सूचना मिळण्याची गरज इमारतीच्या उंचीपेक्षा या दोन बदलांमुळे अधिक वाढली. नियमांचा आग्रह मात्र उंचीवरच राहिला.

6 डिसेंबर 2008 पासून महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, 2006 अमलात आला. इथल्या सोसायट्यांच्या आयुष्यात त्याने जो फरक पाडला, तो कमी लेखता येणार नाही. बसवलेली यंत्रणा चालू स्थितीत असल्याचे परवानाधारक संस्थेचे प्रमाणपत्र, म्हणजे ज्याला सगळे 'फॉर्म बी' म्हणतात ते, वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैत, सादर करायचे ठरले. त्याआधी पंप गंजलेला आहे, होज रीलचे नोझल चोरीला गेलेले आहे, पॅनलवर 'फॉल्ट'चा पिवळा दिवा दोन वर्षे तसाच जळतो आहे, हे कुणाच्याच हिशेबात नसे. आता निदान सहा महिन्यांनी कुणीतरी येऊन पाहू लागले. 9 जानेवारी 2021 रोजी भंडाऱ्याच्या रुग्णालयात दहा नवजात बालके दगावली आणि त्याच वर्षी 28 एप्रिलला मुंब्र्यातील एका रुग्णालयाच्या आगीत चार रुग्ण गेले, तेव्हा तपासणीचा सगळा रोख साहजिकच रुग्णालयांकडे वळला. घर पुन्हा मागे राहिले.

फॉर्म बीमुळे एक गैरसमजही मूळ धरून बसला, आणि खरी गुंतागुंत इथे आहे. प्रमाणपत्रात 'डिटेक्शन सिस्टीम' कार्यरत असल्याचे लिहिलेले असते, आणि सोसायटीच्या सर्वसाधारण सभेत ते वाचून दाखवले की प्रत्येक सभासद मनातल्या मनात स्वतःचे घरही त्यात धरतो. प्रत्यक्षात अनेक इमारतींत शोधक केवळ लिफ्टची लॉबी, विजेची डक्ट, मीटर रूम आणि तळघरातील पार्किंग एवढ्याच जागी असतात. काही इमारतींत ते घरातही असतात, पण सभासदाने इंटिरियर करताना फॉल्स सीलिंग घातलेले असते आणि शोधक त्या छताच्या वर अडकून पडलेला असतो. डिटेक्टर, सेन्सर, अलार्म, फायर सिस्टीम हे चार शब्द आपण एकमेकांच्या जागी वापरतो. कित्येक जण छतातून डोकावणाऱ्या स्प्रिंकलरलाही सेन्सरच म्हणतात, जरी त्यातली लाल काचेची कुपी साधारण 68 अंश सेल्सिअसला फुटते आणि धुराशी तिचा काही संबंध नसतो. मराठीत 'धूरशोधक' आणि 'धूर-गजर' असे दोन स्वच्छ शब्द सहज करता येतात, आणि या विषयात ते वेगळे ठेवलेच पाहिजेत असा माझा आग्रह आहे. शोधक कळवतो, तर गजर उठवतो. एकाला ऐकायला कुणीतरी जागे असावे लागते आणि दुसऱ्याचे कामच झोपलेल्याला जागे करण्याचे आहे. घरगुती गजराकडून तीन मीटरवर साधारण 85 डेसिबल आवाजाची अपेक्षा असते, आणि झोपलेल्या माणसाच्या उशीपाशी निदान 75 डेसिबल पोहोचावेत असे मानले जाते. लॉबीतला हूटर दोन बंद दारे आणि एसीची घरघर ओलांडून उशीपाशी किती पोहोचतो, हे फॉर्म बीच्या भेटीत कुणी बेडरूममध्ये उभे राहून ऐकताना मी अजून पाहिलेले नाही.

आमच्या सोसायटीत काही वर्षांपूर्वी रंगकाम झाले, तेव्हा धूळ आत जाऊ नये म्हणून मजल्यांवरच्या शोधकांना प्लास्टिकच्या नारिंगी टोप्या घालण्यात आल्या. रंगारी गेले आणि टोप्या तशाच राहिल्या. सातव्या मजल्यावरच्या एका काकांनी शिडी लावून पाहीपर्यंत चार महिने उलटले होते आणि मधल्या काळात एकदा तपासणीही होऊन गेली होती. पॅनलने या सगळ्या काळात 'नॉर्मल' दाखवले, आणि त्याच्या परीने ते बरोबरच होते, कारण वायर जोडलेली आहे एवढेच त्याला कळते. शोधकाचे नाक झाकले आहे की उघडे, हे त्याला कळण्याचा मार्ग नाही. तेव्हापासून आम्ही तपासणीच्या दिवशी पॅनलवरचे बटण दाबून थांबत नाही, निदान काही शोधकांना प्रत्यक्ष चाचणीचा धूर देऊन पाहायला सांगतो.

दुसरा वाद स्वयंपाकघराचा. मिरची-लसणाची फोडणी, तव्यावर करपलेली भाकरी, सणासुदीचे तळण यांनी धुराचा शोधक सतत वाजेल आणि कंटाळून कुणीतरी तो काढून ठेवेल, ही भीती अगदी रास्त आहे. म्हणून स्वयंपाकघरात उष्णतेचा शोधक, साधारण 57-58 अंशांना जागा होणारा, हे योग्यच आहे. त्यातही ठरावीक तापमानाला वाजणारा प्रकार घ्यावा. तापमान किती झपाट्याने चढते हे पाहणारा प्रकार ओव्हनचे दार उघडल्यावरही फसू शकतो. तक्रार आहे ती याच युक्तिवादाचा आधार घेऊन काही ठिकाणी हॉलमध्ये आणि बेडरूममध्येही उष्णतेचेच शोधक बसवले गेले, याबद्दल. गादी किंवा चार्जरखालची चादर धुमसत असेल, तर छताजवळची हवा 57 अंशांवर जाण्याच्या कितीतरी आधी खोलीत धूर आणि कार्बन मोनॉक्साइड पसरलेला असतो. इंडियानातल्या चाचण्यांनी जवळपास पन्नास वर्षांपूर्वी जे दाखवले, त्याच्या उलट हा निर्णय आहे. देवघर हॉलमध्येच असेल तर धूप-कापराचा प्रश्न खराच येतो, पण त्याचे उत्तर गजर देवघरापासून दूर, पॅसेजच्या बाजूला सरकवणे हे आहे.

धुराच्या शोधकांतही दोन जाती आहेत. अमेरिशियम-241 हे किरणोत्सारी द्रव्य अत्यल्प प्रमाणात वापरणारा आयनीभवनाचा प्रकार ज्वालेची आग लवकर पकडतो, तर प्रकाशकिरणावर चालणारा प्रकार धुमसती आग लवकर पकडतो आणि स्वयंपाकाच्या वाफेने तुलनेने कमी फसतो. घरासाठी दुसराच घ्यावा. खाडीकाठच्या आपल्या हवेत त्यालाही जपावे लागते, कारण पावसाळ्यात दिव्याभोवती येणारे किडे आणि बारकी झुरळे आतल्या कप्प्यात शिरली की विनाकारण गजर होतो. छताच्या मध्याजवळ, भिंतीपासून व दिव्यापासून साधारण 30 सेंटिमीटर अंतर राखून, पंखा आणि एसीच्या थेट झोतापासून दूर अशी जागा निवडली म्हणजे निम्मे प्रश्न मिटतात. गॅसगळतीचा अलार्म ही वेगळीच वस्तू आहे. सिलिंडरचा गॅस हवेपेक्षा जड म्हणून तो जमिनीलगत, आणि पाइपचा गॅस हलका म्हणून छतालगत बसवायचा असतो. सिलिंडरवरून पाइपवर आलेल्या कित्येक घरांत अलार्म मात्र जुन्याच जागी, ओट्याखाली राहिला आहे.

गेल्या काही वर्षांत चित्र थोडे हलले आहे. इंग्लंड व वेल्सने 1992 मध्ये नव्या घरांत घरातल्या विजेच्या वायरीवर चालणारे अलार्म आवश्यक केले, इंग्लंडने ऑक्टोबर 2015 पासून भाड्याच्या घरांत प्रत्येक मजल्यावर अलार्म देण्याची जबाबदारी घरमालकावर टाकली, जपानने 2006 पासून नव्या आणि 2011 पर्यंत जुन्या घरांत ते सक्तीचे केले, आणि स्कॉटलंडने फेब्रुवारी 2022 पासून प्रत्येक घरात हॉल व पॅसेजमध्ये धुराचे, स्वयंपाकघरात उष्णतेचे, आणि एक वाजला की सगळे वाजतील असे परस्पर जोडलेले अलार्म बंधनकारक केले. तसे बिनतारी जोडलेले, दहा वर्षांच्या सीलबंद बॅटरीचे अलार्म आता इथेही मागवता येतात. त्यांना पॅनल लागत नाही आणि भिंत फोडावी लागत नाही, त्यामुळे लीव्ह अँड लायसन्सवर राहणाऱ्या भाडेकरूलाही ते जाताना काढून नेता येतात. सोसायटीचे पॅनल त्यांच्यामुळे अनावश्यक ठरत नाही, कारण खालच्या मजल्यावरची आग वरच्या माणसाला कळवण्याचे काम त्या पॅनलचेच आहे.

घोडबंदर रस्त्यावर, खारघरमध्ये आणि नवी मुंबईतल्या पाम बीच रस्त्याच्या कडेने 2010 ते 2015 च्या सुमारास ताबा दिलेल्या इमारतींत त्या वेळी बसवलेल्या शोधकांची साधारण दहा वर्षांची उमेद आता संपत आली आहे किंवा संपली आहे. शोधक तळापासून फिरवून काढला की मागे बनावटीचे वर्ष छापलेले सापडते. ते बदलण्याचे ठराव यंदा अनेक सभांपुढे येत आहेत, आणि बहुतेक ठरावांत 'जुन्याच्या जागी तसाच नवा' एवढेच लिहिलेले असते. आमच्या ठरावाच्या मसुद्यात आम्ही दोन ओळी जादा घातल्या: लॉबीतील शोधक सोसायटीच्या खर्चाने बदलावेत, आणि प्रत्येक सभासदाने पॅसेजमध्ये बेडरूमच्या दाराजवळ स्वतंत्र वाजणारा एक धूर-गजर स्वतःच्या खर्चाने लावून त्याची तारीख कार्यालयातील वहीत नोंदवावी. पहिली ओळ मंजूर झाली आहे आणि दुसरीवर पुढच्या सभेत मतदान व्हायचे आहे.