इस्रायलमधलं प्रत्येक गाव किबुत्झ नसतं

शेती अभ्यासदौऱ्यावरून परतलेल्या मंडळींचं भाषण ऐकलं की वाटतं, इस्रायलमध्ये एकाच प्रकारचं गाव असतं. ज्याच्या स्वतःच्या पॉलिहाऊसमध्ये उभं राहून ढोबळ्या मिरचीचे फोटो काढले, तोही यांच्या लेखी 'किबुत्झवाला', म्हणजे सगळं सामायिक असलेल्या गावातला. ऑक्टोबर २०२३ च्या हल्ल्यानंतर बातम्यांतही हाच घोळ झाला. बेरी, नीर ओझ, कफार आझा हे किबुत्झ, पण नेतिव हासारा हा मोशाव, म्हणजे शेत ज्याचं त्याचं आणि सहकार मात्र असलेलं गाव. गाझालगतची सगळी गावं मात्र सरसकट 'किबुत्झ' म्हणून सांगितली गेली. खरं तर देशात किबुत्झ २७० च्या आसपास आणि मोशाव साडेचारशेच्या आसपास. म्हणजे डोळे झाकून 'किबुत्झ' म्हटलं तर चुकण्याचीच शक्यता जास्त.

किबुत्झ बहुतेकांना माहीत असतो, म्हणून उरकून टाकतो. १९१० च्या सुमारास किनेरेत सरोवराच्या दक्षिणेला देगानिया वसलं, तो पहिला. सगळं सामायिक, जेवणसुद्धा एकाच भोजनगृहात. मुलं आईबापांपासून वेगळी, बालगृहात झोपायची (ही पद्धत केव्हाच मोडली). ठिबक सिंचनाची नेताफिम कंपनी १९६५ साली हात्झेरिम किबुत्झात सुरू झाली, आणि जळगावच्या जैन इरिगेशनने विकत घेतलेल्या नानदान कंपनीचं मूळही नान आणि दान या दोन किबुत्झांतलं.

आता मोशाव. १९२१ साली इझ्रेल खोऱ्यात नहालाल वसलं. ते वसवणाऱ्यांत देगानियातून बाहेर पडलेली माणसंही होती, उदाहरणार्थ पुढे संरक्षणमंत्री झालेल्या मोशे दायानचे आईवडील. श्रम स्वतःचे आणि अडीअडचणीला शेजारी, एवढं त्यांना मान्य होतं. फक्त घर, मुलं आणि शेत आपल्या हाती हवं होतं. रिखार्ड काउफमान या वास्तुरचनाकाराने गावाचा आराखडा गोल काढला. मधोमध सार्वजनिक इमारती, त्यांच्याभोवती घरांचं कडं आणि प्रत्येक घराच्या मागे बाहेरच्या दिशेने रुंदावत जाणारी त्याची शेतजमीन. उपग्रह नकाशावर आजही ते वर्तुळ स्पष्ट दिसतं.

लोक अडखळतात ते पुढे. दोन्हीकडे सहकार आहे, मग फरक काय? फरक हिशेबाच्या वहीत आहे. मोशावमध्ये प्रत्येक कुटुंबाचं खातं वेगळं. जुन्या पद्धतीत पेंड, बियाणं, खत संस्था एकगठ्ठा आणायची, दूध आणि भाजी संस्थेमार्फत विकली जायची, कर्जालाही संस्थाच उभी राहायची. पण गाय आटली तर दुधाचं बिल तुमचंच कमी व्हायचं, शेजाऱ्याचं नाही. जुन्या पद्धतीच्या किबुत्झात कुटुंबाचं खातंच नसतं. तिथली बाई शहरात बँकेत नोकरीला असेल तर तिचा पगार किबुत्झच्या तिजोरीत जमा व्हायचा आणि तिच्या हाती यायचा तो ठरलेला भत्ता. कारखान्याचा व्यवस्थापक आणि भोजनगृहात भांडी विसळणारा, दोघांना एकाच नियमाने. सभासदत्वही घराचं नसतं. नवरा वेगळा सभासद, बायको वेगळी सभासद.

म्हणून 'किबुत्झ म्हणजे आपली सहकार चळवळच हो' हे वाक्य ऐकलं की माझं डोकं उठतं. आपल्याकडे ऊस ज्याचा त्याचा, सातबारा ज्याच्या त्याच्या नावावर आणि सामायिक फक्त कारखाना. प्रवरानगरला विखे पाटलांनी आणि धनंजयराव गाडगीळांनी उभं केलं ते हेच. तुलना करायचीच तर मोशावशी करा.

तीही पुरती जुळत नाही, कारण जमीन. किबुत्झ असो वा मोशाव, जमीन साधारणपणे राष्ट्रीय मालकीची आणि दीर्घ मुदतीच्या भाडेपट्ट्याने दिलेली. मोशावमधल्या एका कुटुंबाच्या वाट्याला 'नहाला' म्हणतात. तिचे तुकडे पडत नाहीत. मुलांपैकी एकालाच, मुलगा असो वा मुलगी, पुढचा वारस नेमतात, त्याला 'बेन ममशिख' म्हणतात. बाकीच्यांनी आपापली वाट धरायची. आपल्याकडे तुकडेबंदीचा कायदा १९४७ पासून आहे आणि बांध तरी वाढतच गेले. त्यामुळे दौऱ्यावर गेलेल्यांनी ठिबकच्या नळ्यांइतकीच या गोष्टीची चौकशी करायला हवी होती. अर्थात भावंडांचे दावे तिथेही कोर्टात जातात. किबुत्झात हा प्रश्नच वेगळा: शेत वारशाने मिळत नाही, मुलालासुद्धा रीतसर सभासद व्हावं लागतं.

लोकवस्तीचा आकार, धार्मिक की निधर्मी, भोजनगृह आहे की नाही, यांवरून गाव किबुत्झ की मोशाव ते ओळखायला जाऊ नका. आणि मोशाव शितुफी नावाचा तिसरा प्रकारही आहे, शेती किबुत्झसारखी नि संसार मोशावसारखा. तो संख्येने थोडा आहे, म्हणून सोडून देतो.

१९४८ नंतर येमेन, मोरोक्को, इराकमधून आलेल्यांना सरकारने मोठ्या प्रमाणावर मोशावमध्ये वसवलं. त्यांतले बरेच मोशाव, आणि काही किबुत्झही, निर्वासित झालेल्या अरबांच्या गावांच्या जमिनींवर उभे राहिले, हे दौऱ्याच्या माहितीपत्रकात सापडत नाही. कोचीचे ज्यू बेरशेबाजवळच्या नेवातिममध्ये गेले, तोही मोशावच. कोकणातले बेने इस्रायल मात्र बहुतांशी दिमोना, अश्दोद, लोद, रामला अशा शहरांत स्थिरावले. त्यांना किबुत्झवर नेऊन बसवणारे लेखही मी वाचलेत.

'आता काय, दोन्ही सारखंच झालं' हा नवा गैरसमज. १९८० च्या दशकातली भयंकर महागाई आणि १९८५ ची आर्थिक स्थिरीकरण योजना यांत किबुत्झ कर्जाखाली दबले. त्यानंतर एकेकाने समान भत्ता सोडला आणि कामाप्रमाणे पगार सुरू केला. आज बहुसंख्य किबुत्झ या नव्या पद्धतीचे आहेत. पण पगार वेगळे झाले म्हणून शेत घराघरांत वाटलं गेलं नाही. ते अजून किबुत्झच्याच ताब्यात असतं, गोठाही एकच असतो. तेव्हा तिथल्या कुणी 'आम्हाला आता पगार मिळतो' असं सांगितलं, की लगेच वहीत 'मोशाव' लिहू नका.