प्राथमिक शिक्षण पूर्णता दर

प्राथमिक शाळेच्या शेवटच्या इयत्तेपर्यंत किती मुले पोचतात, हे सांगणारे प्रमाण. शेवटच्या इयत्तेच्या पटातून त्याच वर्गात पुन्हा बसलेली मुले वजा करायची आणि उरलेल्या संख्येला त्या इयत्तेच्या प्रवेशवयाच्या एकूण मुलांनी भागायचे. समजा, एखाद्या तालुक्यात पाचवीच्या पटावर ९६० मुले आहेत, त्यांतली ६० मागच्याच वर्षीची आहेत आणि दहा वर्षांची मुले १००० आहेत. तर दर ९० टक्के. वरच्या संख्येला वयाची अट नाही. उशिरा दाखल झालेली बरीच मुले एकाच वर्षी पाचवीत आली की दर शंभरापुढे जाऊ शकतो. त्याचा अर्थ गावातले प्रत्येक मूल शिकले असा होत नाही.

भारत आणि बांगलादेश यांची तुलना या दरासाठी सोयीची, कारण दोन्हीकडे प्राथमिक टप्पा पाच इयत्तांचा आहे. बांगलादेशाने १९९० मध्ये प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले आणि १९९३ पासून मूल नियमित शाळेत येत असेल तर गरीब कुटुंबाला धान्य दिले. ब्रॅक या तिथल्या स्वयंसेवी संस्थेने १९८५ पासून एका खोलीच्या, एका शिक्षिकेच्या शाळा चालवल्या. पुढे बांगलादेशात मुलींनी मुलांना मागे टाकले. एकत्रित दरात हे दिसतच नाही, म्हणून मुलामुलींचे आकडे वेगळे मांडलेच पाहिजेत. भारतात १९९५ ला मध्यान्ह भोजन आले, तर शिक्षण हक्क कायदा २०१० मध्ये लागू झाला. या कायद्याने नापास करणे थांबवले, तेव्हा नापास होऊन गळणारी मुलेही पाचवीपर्यंत सरकली. त्या वर्षांतली वाढ वाचताना हे ध्यानात ठेवावे लागते. शिवाय २०११ नंतरची जनगणना लांबल्याने भारताच्या दरातली भाजक लोकसंख्या अंदाजाची आहे.

सक्तीच्या बाबतीत कोल्हापूर या दोन्ही देशांच्या कितीतरी पुढे होते. राजर्षी शाहू महाराजांनी १९१७ मध्ये संस्थानात मोफत आणि सक्तीचे प्राथमिक शिक्षण जाहीर केले. मूल शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला महिना एक रुपया दंड होता. त्या काळी तो गरिबाला चांगलाच जाचणारा होता. योग्यच होता तो.

आजच्या कोल्हापुरात या दराची अडचण ऊसतोडीच्या हंगामात दिसते. बीडकडच्या ऊसतोड मजुरांच्या टोळ्या दिवाळीच्या सुमारास शिरोळ, कागल, करवीर भागात उतरतात. मुलाचे नाव गावच्या हजेरीपटावर असते आणि मूल उसाच्या फडाजवळच्या कोपीत, म्हणजे तात्पुरत्या झोपडीत, धाकट्या भावंडाला सांभाळत असते. ऊसतोड मजुरांच्या मुलांसाठीच्या हंगामी साखरशाळा, गावाकडची हंगामी वसतिगृहे, जवळच्या जिल्हा परिषद शाळेत तात्पुरता प्रवेश हे उपाय झाले, पण पाच-सहा महिन्यांचा खंड पटावर उमटत नाही. नाव वर्षागणिक वरच्या इयत्तेत गेले की पूर्णता दरात ते मूल पोचलेले ठरते. दुसरी गळती चौथीनंतर होते: गावची शाळा अनेकदा चौथीपर्यंतच, पाचवीसाठी दाखला काढून हायस्कूल गाठायचे.

ही उणीव भरायला घरोघरच्या पाहणीवरून दुसरा दर काढतात. शेवटच्या इयत्तेच्या वयापेक्षा तीन ते पाच वर्षांनी मोठ्या मुलांनी ती इयत्ता पूर्ण केली का, असे घरी विचारले जाते. त्यात दर शंभरावर जाऊ शकत नाही. एका देशाचा पटावरचा दर आणि दुसऱ्याचा पाहणीतला दर एकाच आलेखात घालू नयेत.