कॅमिओ ब्रोच : पारख आणि मूल्यांकन

दोन रंगांचे थर असलेल्या शिंपल्यात किंवा दगडात वरचा थर कोरून उठावाची आकृती काढायची आणि खालचा थर पार्श्वभूमीसाठी राखायचा, या कोरीवकामाला कॅमिओ म्हणतात. असा तुकडा सोन्याच्या चौकटीत बसवून मागे पिन जोडली की कॅमिओ ब्रोच तयार होतो. ही कला मूळची ग्रीक-रोमन. भारतालाही ती परकी नाही. शाहजहानची अशी कोरीव छबी लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे.

पुण्यात जुने कॅमिओ ब्रोच निघतात ते बहुधा लष्कर भागातल्या पारशी, ख्रिस्ती आणि अँग्लो-इंडियन घरांतून. पारशी स्त्रिया साडीचा पदर खांद्यावर ब्रोचने बसवतात, आणि गोल पातळाबरोबर ब्रोच लावण्याची चाल मराठी घरांतही होती. वारसाने आलेला असा दागिना लक्ष्मी रस्त्यावरच्या सराफांकडे किंवा रविवार पेठेत दाखवला, की तो आधी तराजूत पडतो. कॅमिओच्या बाबतीत खरे नुकसान होते ते इथेच. चार ग्रॅमची चौकट नऊ कॅरेटची असेल, तर तिच्यात शुद्ध सोने जेमतेम दीड ग्रॅम असते. ब्रोचची खरी किंमत कोरीवकामात असते, आणि शिंपला उचकटून चौकट मोडीत घातली की ती कायमची जाते.

पारख पाठीकडून सुरू करावी. शिंपल्याचा तुकडा मागून किंचित खोलगट असतो आणि उजेडासमोर धरला की त्यातून प्रकाश झिरपतो. दगडाचा, म्हणजे अकीक किंवा सुलेमानीचा, तुकडा बहुधा सपाट असतो, हाताला गार आणि जड लागतो. प्लास्टिक हलके आणि कोमट लागते. उजेडात धरल्यावर शिंपल्यातल्या केसाएवढ्या चिराही दिसतात, आणि अशी एक चीर किंमत निम्म्यावर आणू शकते. मग दहापट भिंगातून केसांच्या बटा आणि मानेची कड पाहावी. हाताने कोरलेल्या कामात हत्याराचे बारीक ओरखडे दिसतात, कडा धारदार असतात. साच्यातल्या काचेच्या किंवा प्लास्टिकच्या नकलेत कडा बोथट असतात, कधी बुडबुडेही सापडतात. यंत्राने कोरलेल्या अलीकडच्या अकीक-कॅमिओवर सर्वत्र एकसारखी, हिमकणांसारखी खरबरीत झाक असते.

शिंपल्याच्या कोरीवकामाचे मोठे केंद्र म्हणजे नेपल्सजवळचे तोर्रे देल ग्रेको, तर दगडी कामासाठी जर्मनीतले इडार-ओबरश्टाइन प्रसिद्ध आहे. इटलीतल्या व्हेसुव्हियस ज्वालामुखीच्या परिसरातल्या राखाडी-पिवळसर ‘लाव्हा’ दगडाचे कॅमिओ खूप उंच उठावाचे असतात. द्राक्षवेलीतली मद्यदेव बॅकसची भक्तीण, तीन ग्रेसेस (सौंदर्याच्या देवता), गरुडाला पाजणारी तारुण्यदेवी हीबी हे ग्रीक-रोमन पुराणांतले विषय जुन्या कामात वारंवार येतात. नुसत्या अनामिक स्त्रीमुखापेक्षा अशा पौराणिक प्रसंगाला सहसा जास्त भाव मिळतो.

काळ ठरवायला पिन फार उपयोगी. पिन अडकवायचा साधा ‘सी’ आकाराचा आकडा आणि त्याच्या बाहेर डोकावणारे पिनचे टोक ही एकोणिसाव्या शतकाची खूण. फिरत्या कुलपाचा आकडा विसाव्या शतकातला. मात्र पिन नंतर बदललेली असू शकते, म्हणून एकट्या तिच्यावर निकाल देऊ नये.

ब्रिटनमध्ये ९, १२ आणि १५ कॅरेटच्या सोन्याची परवानगी १८५४ मध्ये मिळाली. १२ व १५ कॅरेट १९३२ मध्ये बंद होऊन १४ कॅरेट आले. त्यामुळे ‘१५’ आणि ‘.६२५’ असा छाप हा काळाचा चांगला पुरावा ठरतो. छापात जहाजाचा नांगर असेल तर तपासणी बर्मिंगहॅमची, बिबट्याचे डोके असेल तर लंडनची. गरुडाचे डोके हा फ्रान्सचा १८ कॅरेटचा छाप. त्या काळच्या अनेक ब्रोचवर मात्र छापच नसतो. भारतात सक्तीचे हॉलमार्किंग टप्प्याटप्प्याने सुरू झाले ते २०२१ पासून, तेव्हा जुन्या दागिन्यावर एचयूआयडी (हॉलमार्कबरोबरचा ओळख-क्रमांक) नाही म्हणून तो खोटा ठरत नाही. यंत्राने टंच, म्हणजे सोन्याची शुद्धता, काढताना चौकटीचा काढावा, कारण पिन अनेकदा हलक्या धातूची असते. शिवाय यंत्र फक्त पृष्ठभाग वाचते. जाड मुलामा त्याला फसवू शकतो. तांबे-जस्ताचा पिंचबेक हा मिश्रधातूही सोन्यासारखाच दिसतो.

कसोटीच्या तेजाबाचा थेंब मात्र शिंपल्याजवळही नेऊ देऊ नये. शिंपला म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट. आम्ल लागताच तो फसफसतो आणि कोरलेला चेहरा खाल्ला जातो. गरम पाणी आणि अल्ट्रासॉनिक यंत्रही वर्ज्य. ओलसर मऊ फडक्याने हलकेच पुसणे पुरेसे असते.

किंमत विचारताना ती कशासाठी हवी ते आधी सांगावे. मोडीचा भाव, विम्यासाठीची बदली-किंमत (तसाच दुसरा घ्यायचा तर लागणारी) आणि लिलावात मिळू शकणारी रक्कम हे तीन वेगळे आकडे असतात, आणि त्यांत मोडीचा आकडा बहुधा सर्वांत लहान. मोडीचा भाव पेठेतला सराफ सांगू शकतो. उरलेल्या दोन आकड्यांसाठी जुन्या दागिन्यांचा जाणकार गाठावा. त्याला पुढून, मागून आणि उजेडासमोर धरून काढलेली छायाचित्रे, मापे, वजन आणि घराण्यातली माहिती द्यावी. ब्रोच शंभर वर्षांहून जुना असेल, तर तो परदेशी पाठवण्याआधी १९७२ चा पुरावशेष कायदा लागू होतो का, हे पुरातत्त्व खात्याकडे विचारून घ्यावे. पुरावशेष ठरलेली वस्तू खासगी व्यक्तीला निर्यात करता येत नाही.