दीव बेट आणि बडोदेकरांची दीव-ट्रिप

दीव हे सौराष्ट्राच्या दक्षिण टोकाला किनाऱ्याला अगदी चिकटून असलेलं बेट आहे, मधे फक्त एक अरुंद खाडी आणि तिच्यावर पूल, त्यामुळे गाडी थेट आत जाते आणि आपण बेटावर आलो हे पुष्कळांच्या लक्षातच येत नाही. कर्कवृत्ताच्या खाली, म्हणजे उष्णकटिबंधातलं, पण केरळसारखं हिरवंगार नाही, कोरडं आणि खारं. दीव जिल्हा सगळा मिळून सुमारे ४० चौरस किलोमीटर, २०११ च्या जनगणनेत लोकसंख्या ५२ हजार. बडोद्यात दांडिया बाजार असो की मांजलपूर, मराठी घरांत "दीव-सोमनाथ-सासणगीर" असं एका दमातच म्हणतात, दिवाळीची सुट्टी लागली की रात्री जेवून निघायचं आणि सकाळचा चहा दीवच्या अलीकडच्या उना गावाच्या आसपास.

बडोदेकरांसाठी एक गोष्ट मुद्दाम सांगतो. दीवच्या पश्चिमेचं कोडीनार हे गायकवाडांच्या राज्यात होतं, अमरेली प्रांतात, म्हणजे त्या काळी बडोदा संस्थानचा मुलूख इथे, दीववर राज्य करणाऱ्या पोर्तुगीजांच्या जवळपासच होता!

पोर्तुगीजांना इथे किल्ला बांधायची परवानगी १५३५ मध्ये गुजरातच्या सुलतान बहादूरशाहने दिली, आणि मग ते १९ डिसेंबर १९६१ पर्यंत राहिले. गोवा १९८७ ला राज्य झालं तेव्हा दमण-दीव वेगळा केंद्रशासित प्रदेश झाला, २०२० मध्ये त्यात दादरा-नगर हवेली जोडली.

आता टुरिझमचं. गुजरातमध्ये दारूबंदी, पूल ओलांडला की नाही, एवढ्या एका कारणावर इथली अर्धी गर्दी उभी आहे असं माझं स्पष्ट मत आहे. बार, हॉटेलं, वीकेंडचे ग्रुप आणि परत जाताना चेकपोस्टवर गाड्यांची तपासणी, हे सगळं शेजारच्या राज्याच्या कायद्यामुळे घडलंय. आणि ही गर्दी बेटभर पसरत नाही, ती नागोआला जाऊन थांबते. नागोआ हा घोड्याच्या नालेसारखा वळलेला बीच, मागे होका ताडाची झाडं, ज्याला साध्या ताडासारखा एकच सरळ बुंधा नसतो, फांद्या फुटतात, आपल्याकडे असं झाड सहज दिसत नाही, पण पॅरासेलिंग आणि बनाना राइडच्या नादात वर मान करून कोण बघतं. लोक दोन दिवस तिथेच काढतात आणि दीव बघितलं म्हणतात, याचं मला खरंच वाईट वाटतं.

बघायला निदान एक सकाळ किल्ल्याला द्यावी, तिन्ही बाजूंनी समुद्र, तोफा अजून जागेवर, समोर पाण्यात पाणीकोठा हा छोटा किल्ला. गावात सेंट पॉल चर्च आणि जुन्या गल्ल्या पायीच फिराव्यात. नायडा गुहांमधून किल्ल्यासाठी दगड काढला असं सांगतात, छताच्या भोकांतून ऊन खाली पडतं तेव्हा आत गेलात तर तिथून निघवत नाही. फुदम गावाजवळ गंगेश्वर मंदिरात पाच शिवलिंगांवर भरतीच्या लाटा येतात, म्हणून भरतीची वेळ आधी विचारून जा. आणि खुकरी स्मारक चुकवू नका, ९ डिसेंबर १९७१ ला पाकिस्तानी पाणबुडीने आयएनएस खुकरी बुडवली, १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक गेले, कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला जहाजाबरोबरच राहिले. मुलांना घेऊन जा, तिथे उभं राहून सांगा.

घोघला खाडीपलीकडे, मुख्य भूमीवर आहे पण दीव जिल्ह्यातच. तिथल्या बीचला २०२० मध्ये ब्लू फ्लॅग, म्हणजे स्वच्छ किनाऱ्यांना दिलं जाणारं आंतरराष्ट्रीय मानांकन, मिळालं, म्हणजे स्वच्छता ठेवायची ठरवली की जमते, घरच्यांना घेऊन मी नागोआऐवजी तिथेच जाईन.

पश्चिम टोकाला वणाकबारा आहे, कोळ्यांचं गाव, रंगीत होड्या, जाळी, सुकत घातलेली मासळी, हॉटेलांचा गजबजाट इथवर पोचलेला नाही. पहाटे जेटीवर गेलात तर होड्यांमधून मासळी उतरताना दिसते, फोटो काढायचा असेल तर आधी विचारा, त्यांची कामाची वेळ असते ती.