गर्भकाळातील ताण आणि वर्तन

आईच्या पोटात असताना बाळाच्या वाट्याला आलेला ताण आणि आईबापांकडून मिळालेली जनुके, यांतून पुढचा स्वभाव कसा घडतो याचा हा अभ्यासविषय. बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या मराठी घरांत तो रोजच्या बोलण्यात असतो. मूल हट्टी निघाले की एक जण म्हणतो, ‘बापावर गेलंय’. दुसरा म्हणतो, ‘पोटात होतं तेव्हा आईनं लई सोसलं’. दोन्हींत तथ्य आहे. कुणाचा वाटा किती, हे ठरवणे मात्र शास्त्रालाही जड गेले आहे.

ताणामुळे आईच्या रक्तात कॉर्टिसॉल हे संप्रेरक वाढते. वारेतले एक विकर (एन्झाइम) त्यातले बरेचसे निष्प्रभ करते, त्यामुळे एखाद्या दिवसाच्या भांडणाने बाळाचे नुकसान होते असे समजू नये. ताण महिनोन्‌महिने टिकला, त्यात पोटाला पुरेसे नसले, तर ही राखण ढिली पडते आणि बाळाच्या मेंदूतली ताण झेलणारी यंत्रणा अधिक हळवी होऊ शकते. जनुकांचा मजकूर तोच राहतो. कोणते जनुक किती वाचले जावे हे ठरवणाऱ्या रासायनिक खुणा बदलतात. १९४४-४५च्या हिवाळ्यात नेदरलँड्समध्ये उपासमार झाली. त्या काळात ज्यांची गर्भधारणा झाली, त्यांच्या एका वाढ-जनुकावर सहा दशकांनंतरही सख्ख्या भावंडांपेक्षा कमी खुणा आढळल्या.

कॅनडात जानेवारी १९९८च्या हिमवादळाने कित्येक घरांची वीज आठवडेच्या आठवडे गेली. ज्या गरोदर बायांना जास्त हाल सोसावे लागले, त्यांच्या मुलांची भाषेची समज सरासरीने कमी भरली. ऑगस्ट २०१९मध्ये कृष्णा आणि घटप्रभेच्या पुरात घर सोडावे लागलेल्या दोन जिवांच्या बाईचे हाल वेगळे नव्हते. पण सरासरी म्हणजे एकेका मुलाचे भविष्य नव्हे.

शिवाय चिंतातुर आई मुलाला ताण देते तशी जनुकेही देते. ही गुंतागुंत ब्रिटनमधील संशोधकांनी २०१०मध्ये आईच्या स्वतःच्या आणि दुसऱ्या स्त्रीच्या बीजांडातून जन्मलेली मुले ताडून सोडवली. चंचलपणा आणि अवधान न टिकणे यांचा आईच्या ताणाशी संबंध फक्त रक्ताच्या नात्यात दिसला, म्हणजे तो वारशाचा. आक्रमक, नियम मोडणाऱ्या वर्तनाचा संबंध मात्र रक्ताचे नाते नसतानाही टिकला. ‘एका जनुकामुळे माणूस ताणात खचतो’ हा २००३चा गाजलेला दावा २०१९च्या मोठ्या पडताळणीत उभा राहिला नाही.

बेळगावच्या जवाहरलाल नेहरू मेडिकल कॉलेजने चार देशांतल्या एका पोषण-चाचणीत भाग घेतला. गर्भधारणेआधीपासून पूरक आहार मिळालेल्या स्त्रियांची बाळे लांबीला सरस भरली (२०१९). तिथे मोजले ते शरीर, स्वभाव नव्हे. तरी आहाराची काळजी दिवस राहण्याआधीपासून घेतलेली बरी, असे त्यातून सुचते.

ग्रहणात विळी धरली म्हणून बाळाचा ओठ फाटला, असा ठपका बाईवर ठेवणारी घरे अजून आहेत. ताणाचे शास्त्र त्याच कामी लावणे अन्यायाचे ठरेल, कारण ताण देणारे बहुधा आजूबाजूचेच असतात. माहेरपणाने तो हलका होतो. मात्र सासर हुक्केरीला आणि माहेर गडहिंग्लजला असले, तर सातव्या महिन्यात ओटी भरून निघालेल्या लेकीच्या पिशवीत कर्नाटकचे तायी कार्ड, म्हणजे गरोदरपणाच्या नोंदींचे कार्ड, असते. अंगणवाडीतले मातृपूर्ण योजनेचे दुपारचे जेवण कर्नाटकातच राहते, आणि महाराष्ट्रातल्या आशाताईकडे तिची नोंद नव्याने करावी लागते.