डीडीजीएसयुक्त पशुआहार आणि शेणखत

डीडीजीएस म्हणजे मका, तांदूळ किंवा ज्वारीपासून इथेनॉल काढल्यानंतर उरणारा, वाळवलेला प्रथिनयुक्त चोथा. मक्याच्या वजनाचा सुमारे दोन-तृतीयांश असणारा पिष्टमय भाग किण्वनात खर्ची पडतो आणि प्रथिने, तेल, तंतू व खनिजे मागे राहतात. त्यामुळे मूळ धान्याच्या मानाने त्यांचे प्रमाण जवळपास तिप्पट होते. मक्यात ८ ते ९ टक्के असणारी प्रथिने चोथ्यात २७ ते ३० टक्क्यांवर जातात आणि स्फुरद ०.३ टक्क्यांवरून ०.८ टक्क्यांच्या आसपास पोहोचतो. हा चोथा खाणाऱ्या जनावरांच्या शेणामुतात दिसणारे बहुतेक बदल या एकवटण्यातूनच उद्भवतात.

सातारा आणि सांगली जिल्ह्यांत इथेनॉल म्हटले की साखर कारखान्यांतील मोलॅसिस व त्यापासून इथेनॉल काढल्यावर उरणारे सांडपाणी, म्हणजे स्पेंट वॉश, आठवते. तो पदार्थ वेगळा आहे. त्यात पालाश व इतर क्षार भरपूर आणि प्रथिने अल्प असल्याने तो प्रेसमडबरोबर (उसाचा रस गाळल्यावर उरणाऱ्या गाळाबरोबर) कुजवून किंवा आटवून खताकडे वळवला जातो. डिसेंबर २०२३ मध्ये उसाच्या रसापासूनच्या इथेनॉलवर निर्बंध आल्यानंतर देशात मक्याच्या इथेनॉलला वेग आला आणि डीडीजीएस हे स्वस्त प्रथिन म्हणून पशुखाद्यात मोठ्या प्रमाणावर मिसळले जाऊ लागले.

दुभती गाय खाल्लेल्या प्रथिनांतील नत्रापैकी साधारण २५ ते ३० टक्के नत्र दुधात उतरवते. गरजेपेक्षा अधिक प्रथिने दिली, तर वाढीव नत्र मुख्यतः मूत्रातील युरियाच्या रूपाने बाहेर पडते. शेणातील युरिएज या विकराशी संपर्क येताच त्या युरियाचा अमोनिया होतो आणि उन्हाळ्यात, विशेषतः मूत्र साचून राहणाऱ्या गोठ्यात, तो झपाट्याने उडतो. उडालेल्या अमोनियाचा काही भाग पुढे जमिनीवर व पाण्यात उतरतो, तर जमिनीत गेलेल्या नत्राच्या थोड्या भागाचे नायट्रस ऑक्साइड बनते, ज्याची तापमानवाढीची क्षमता १०० वर्षांच्या हिशेबाने कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २७३ पट आहे. वाळवताना चोथा करपला असेल, तर त्यातील प्रथिने तंतूंशी जखडली जातात, जनावराला पचत नाहीत आणि शेणातूनच निघून जातात. असे नत्र कमी उडते, परंतु शेतकऱ्याने मोजलेला पैसा वाया जातो.

स्फुरदाचा मार्ग निराळा आहे. तो उडत नाही. जवळजवळ सगळा जादा स्फुरद शेणातून खतात उतरतो. उकिरड्यावर नत्र घटत जाते आणि स्फुरद तसाच राहतो, म्हणून असे खत पिकाच्या नत्राच्या गरजेनुसार टाकले की स्फुरद गरजेपेक्षा जास्त पडतो. कृष्णाकाठच्या चुनखडीयुक्त काळ्या जमिनी त्यातील बराचसा बांधून ठेवतात, तरी पावसाने धुपणाऱ्या मातीबरोबर तो ओढ्या-नाल्यांत जातो आणि साचलेल्या पाण्यात शेवाळ वाढवतो.

या विषयावरील बराचसा अभ्यास अमेरिकेतील मांसासाठीच्या गोठ्यांवर झाला आहे, जिथे हा चोथा मक्याच्या जागी दिला जातो. त्याचे निष्कर्ष येथे जसेच्या तसे लावणे चुकीचे ठरेल. उसाचे वाढे आणि ज्वारीचा कडबा यांवर जगणाऱ्या जनावरांच्या आहारात प्रथिने मुळातच कमी असतात; माण, खटाव, जत, आटपाडी या दुष्काळी तालुक्यांत तर अधिकच. तेथे बेताचे डीडीजीएस त्यांची उणीव भरून काढते. शिवाय सरकी पेंड आणि गव्हाचा कोंडा यांतही स्फुरद भरपूर असतो, त्यामुळे त्यांच्याऐवजी डीडीजीएस दिले तर खतातील स्फुरद फारसा वाढत नाही. तेच पेंड व कोंडा कायम ठेवून वरून दिले की वाढतो. प्रदूषणाचा निर्णय प्रत्यक्षात या एका बाबीवर होतो. डीडीजीएसमध्ये कॅल्शियम फार थोडे असते आणि वाढ्यांतील ऑक्झॅलेट तेही बांधते, म्हणून खनिज मिश्रण टाळू नये; कॅल्शियम-स्फुरदाचा तोल बिघडल्यास नर जनावरांत मुतखड्याचा धोका असतो.

सल्फ्युरिक आम्लाच्या वापरामुळे चोथ्यात गंधक वाढते. ते अति झाल्यास कोठीपोटात हायड्रोजन सल्फाइड तयार होऊन मेंदूचा आजार होऊ शकतो. खतातूनही तो वायू सुटतो आणि गोबर गॅसची शेगडी गंजवतो. चोथ्यातील तेल पोटातील मिथेन काहीसे कमी करते, पण तेल काढून घेतलेल्या मालात हा लाभ घटतो. बुरशी लागलेल्या धान्यातील अफ्लाटॉक्सिनही तिपटीने एकवटते व त्याचा अंश दुधात येतो. भारतात दुधासाठी त्याची मर्यादा किलोमागे ०.५ मायक्रोग्रॅम आहे.

तासगाव भागातील द्राक्षबागायतदार शेणखत विकत घेतात, त्यामुळे डीडीजीएसचे पोषण गोठ्यापासून दूरच्या जमिनीपर्यंत पोहोचू शकते आणि खताचे पृथक्करण करून रासायनिक स्फुरद तेवढा कमी करणे तेथे सहज शक्य आहे. उघड्या उकिरड्यावर मात्र निम्म्यापर्यंत नत्र नष्ट होऊ शकते. मूत्र पाचटात किंवा काडीकचऱ्यात मुरवणे, खड्डा मातीने झाकणे आणि विखुरलेले खत त्याच दिवशी मातीआड करणे, हे उपाय नत्राची हानी कमी करतात. वाळवा, पलूस, मिरज येथील उथळ भूजलाच्या ऊसपट्ट्यात मात्र अशा खतातील नत्र युरियाच्या मात्रेतून वजा करावे लागते, कारण उरलेले नायट्रेट विहिरींत झिरपते आणि पिण्याच्या पाण्यासाठी त्याची मर्यादा लिटरमागे ४५ मिलिग्रॅम आहे.