क्रॅश कोर्सच्या आधीचे व्हिडिओ, आणि आपण शिक्षक

मी दादरला स्टॅटिस्टिक्सचा पाच दिवसांचा क्रॅश कोर्स घेते, सकाळी १० ते ५. बॅच सुरू व्हायच्या आठवडाभर आधी ग्रुपवर व्हिडिओ आणि एक ४० पानी पीडीएफ टाकलेली असते. स्टाफरूममधे यावर ठरलेलं वाक्य, "अहो मॅडम, मुलं बघतच नाहीत, कशाला एवढा खटाटोप." मीपण बरीच वर्षं हेच म्हणायचे.

पण आधी बघितलं तर फरक पडतो का? भरपूर पडतो. १९७२ मधे ब्रॅन्सफर्ड आणि जॉन्सन या मानसशास्त्रज्ञांनी लोकांना एक उतारा ऐकवला, वस्तूंचे ढीग करा, एका वेळी फार घेऊ नका, असलं काहीतरी मोघम. ज्यांना आधीच सांगितलं की हे कपडे धुण्याबद्दल आहे त्यांना साधारण दुप्पट लक्षात राहिलं, आणि ऐकून झाल्यावर सांगितलं त्यांना काहीच फायदा नाही! म्हणजे तीच माहिती, फक्त वेळ चुकली. त्यात डोकं एका वेळी नवीन अशा चारेक गोष्टीच धरून ठेवू शकतं, आणि आपण पहिल्याच दिवशी मीन (सरासरी), व्हेरियन्स (आकडे किती पसरलेत ते), सॅम्पल, ग्राफ सगळं एकदम ओततो, मग दुपारी जेवणानंतर चेहरे कोरे दिसणारच ना.

आता आपलं वागणं बघा. पहिल्या दिवशी विचारायचं "बघितलं का सगळ्यांनी?", चार हात वर, की आपण लगेच शून्यापासून सुरू. विरार लोकलमधे उभं राहून ज्या मुलीने सगळे व्हिडिओ बघितले ती तेच परत ऐकत बसते, पुढच्या वेळी ती कशाला बघेल? मुलं बघत नाहीत हे खरंच आहे, पण ते आपणच शिकवलंय त्यांना.

म्हणून मी आता काहीच रिपीट करत नाही. आल्या आल्या कागदावर पाच प्रश्न, मार्क नाहीत, जिथे जास्त जण चुकले तिथूनच सुरुवात. आठवायला लावणं हाच मुळात अभ्यास असतो. रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांच्या २००६ च्या प्रयोगात आठवड्यानंतर नुसतं परत वाचलेल्यांना ४२ टक्के आठवलं, आणि आठवून लिहिलेल्यांना ५६ टक्के.

दुसरी अडचण साधी आहे. फ्रेड डेव्हिस या संशोधकाने १९८९ मधेच मांडलं होतं की माणूस नवीन टेक्नॉलॉजी दोन गोष्टी बघून स्वीकारतो, उपयोगी वाटते का आणि वापरायला सोपी वाटते का. गर्दीत एका हाताने हँडल धरून ४० पानी पीडीएफ कोण वाचणार, तिथे मुलांना आळशी म्हणणं मला पटत नाही. मी त्याचे सहा-सहा मिनिटांचे ऑडिओ करायला घेतलेत. मीनचा झाला, मीडियनचा (मधल्या आकड्याचा) झाला, स्टँडर्ड डेव्हिएशन, म्हणजे आकडे सरासरीपासून किती लांब पसरलेत ते, मात्र आकृतीशिवाय सांगणं अजून जमत नाहीये, तीन वेळा रेकॉर्ड करून पुसलंय.